प्रभूचं ताट

आमच्या घरात नाताळ कसा करायचा, हे ठरवायला रीतसर बैठक झाली होती. दादाला बैठकीशिवाय काही सुचायचं नाही. आरंभी प्रार्थना, मध्ये चहा, शेवटी पुन्हा प्रार्थना, आणि या सगळ्याच्या पोटात दादा म्हणेल ते. बैठकीला माणसं तीनच. माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि मी. दोन वर्षांची रूथ वहिनीच्या मांडीवर झोपली होती, तिचं मत कुणी विचारलं नाही. खरं तर ही सगळी खटपट तिच्यासाठीच होती. दादाचं म्हणणं असं, की पोरीला कळायला लागायच्या आत घराच्या रीती पक्क्या झाल्या पाहिजेत, नाहीतर नाताळ म्हणजे दुकानातला फुगा आणि कापसाची दाढी एवढंच तिच्या डोक्यात बसेल. तेव्हा मला हे फार पटलं होतं. आजही पटतं, म्हणून तर जास्त राग येतो.

गावाकडे असल्या बैठकीची कुणाला गरज पडली नव्हती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात नाताळ आयता मिळायचा. पहाटे पेटी-ढोलकी घेऊन भजन मंडळ दारोदार फिरायचं, उपासनेनंतर सगळी ख्रिस्ती आळी एका पंगतीत बसायची, आणि करंज्या कुणाच्या घरच्या आणि खाल्ल्या कुणी याचा हिशेब नसायचा. आईबाप गेल्यावर दादानं मला कोपरखैरण्याला आणलं, तेव्हा हे सगळं मागे राहिलं. इथे दोन खोल्यांचं बैठं घर, मागे पत्रा टाकून वाढवलेलं स्वयंपाकघर, आणि वारा फिरला की कधी खाडीचा वास तर कधी रबाळ्याच्या कारखान्यांचा. दादा त्यातल्याच एका कारखान्यात होता. कामावरून आला की त्याच्या शर्टाला तोच वास यायचा, आणि मला तो वास आवडायचा, कारण त्याचा अर्थ दादा घरी आला असा होता. आमच्या डाव्या बाजूला सातारकर, उजव्या बाजूला मालवणी, समोर एक गुजराती कुटुंब. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं वाशी, नेरूळ, ऐरोली अशी विखुरलेली. रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना व्हायची आणि मग सगळे आपापल्या सेक्टरात पांगायचे. तेव्हा नाताळ आपल्यालाच उभा करायला हवा होता, हे दादाचं खरंच होतं.

बैठकीत पुष्कळ ठरलं. दारात चांदणी लावायची, पण घरी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून केलेली, विकतची नाही. डिसेंबरभर संध्याकाळी दिवा लावून शास्त्रातला थोडा भाग वाचायचा आणि एक गीत म्हणायचं. फराळ झाला की पहिला डबा गल्लीत फिरवायचा, मग आपण खायचं. नानकटाईचं पीठ मळून पत्र्यावर थापायचं आणि बेकरीत भाजून आणायचं, आणि ते आणताना वाटेत खायचं नाही, हा नियम खास माझ्यासाठी होता. वहिनी हसत होती. ती बालवाडीत शिकवायची, तिला पोरांना काय आवडतं ते कळायचं, म्हणून ती मध्येच म्हणाली, "अहो, एखादी तरी गंमत ठेवा. सगळे नियमच काय?" दादा म्हणाला, "गंमतच सांगतोय. मोठी गंमत शेवटी आहे."

ती मोठी गंमत म्हणजे ताट. नाताळच्या दुपारी जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडायचं. ते प्रभूचं. बेथलेहेमात जन्माच्या रात्री त्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही, आपल्या घरात त्याची जागा धरलेली असेल. ताट वाढून प्रार्थना झाल्यावर दारावर जो पहिला येईल त्याला आत घ्यायचं, त्या ताटावर बसवायचं, आणि तो जेवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. कोण येईल हे आपण ठरवायचं नाही. दादा हे बोलताना इतका सुंदर दिसत होता की काय सांगू. कारखान्यातला दमलेला माणूस नव्हताच तो. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी तर एकोणीस वर्षांची, मला हुरूप आवरेना. मी म्हटलं, "दादा, आणखी एक. त्याला नाव विचारायचं नाही."

दादानं विचारलं, "का गं सुले?" मी म्हटलं, "नाव विचारलं की आडनाव येतं, आडनाव आलं की जात येते. उतारशाळेवाल्यानं हेच केलं असणार. तुम्ही कोण, कुठले, कुणाचे?" हे मी पुस्तकात वाचून बोलले नव्हते. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, पण गावाला त्यांची जुनी जात पाठ होती. नाव योहान, पण पाणी वरूनच ओतायचे. दादानं लहानपणी ते पाणी ओंजळीत घेऊन प्यायलेलं होतं. तो उठला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी त्यानं मंडळीपुढे उभं राहून सांगितलं, की पाहुण्याला नाव विचारायचं नाही, ओळख विचारायची नाही, आणि ही गोष्ट आमच्या सुलोचनेला सुचली. मी मान खाली घालून बसले होते आणि आतून फुगले होते.

पहिल्या वर्षी त्या ताटावर बसली एक मासळीवाली. जुन्या गावठाणातली आगरी बाई, डोक्यावर पाटी, आणि दादा हात जोडून तिला म्हणतोय, "आपण आज आमच्या पाहुण्या आहात, आत या." तिला वाटलं आम्ही मासळी फुकट उकळायला बघतोय. बसली एकदाची. ताटाकडे बघून म्हणाली, "आज कोनता सन हाय गो तुमचा? येवरं मटन केलंय आनि मासली नाय? बिना मासलीचा कसला सन?" मग स्वतःच पाटीतले दोन बोंबील काढून वहिनीच्या हातात ठेवले. आम्ही हसून हसून बेजार. दुसऱ्या वर्षी केबलवाला आला, त्याला दादानं 'आपण' म्हटल्यावर तो घाबरून जेवलाच नीट नाही. त्यानंतर साबण विकणारी एक मुलगी आली, ती जेवता जेवता रडली, आणि त्या वर्षी आम्हीही सगळे रडलो. जाताना पाहुण्याला नवा पंचा किंवा ब्लाउजपीस द्यायचा, त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि दारापर्यंत सोडायला जायचं. हळूहळू मंडळीतल्या आणखी घरांनी हे ताट उचललं. आता तर तिथल्या नव्या पोरांना वाटतं, ही कुठली तरी जुनी परंपरा आहे. परंपरा अशाच होतात बहुतेक, कुणी केल्या आणि कुणाच्या गळ्याशी आल्या ते पुसलं गेलं की.

कॉलेज संपल्यावर मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कारकुनी करायला लागले. तिथे संपत माथाडी होता, साताऱ्याकडचा. त्याच्याविषयी मी इथे फार लिहिणार नाही, तो वाचेल आणि लाजेल. एवढंच सांगते, की दिवसभर पोती वाहून आलेला माणूस इतक्या हळू आवाजात बोलतो, याचंच मला आधी नवल वाटलं. घरी सांगितलं तेव्हा दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "प्रभूला मानतो का तो?" मी म्हटलं, "खंडोबाला मानतो. माझ्या प्रभूला नाव ठेवत नाही." दादानं माझ्यासाठी संगमनेरचं एक स्थळ मनात धरलं होतं, पाळकांच्या घरातलं. आईबापांमागे त्यानं मला वाढवलं, शाळेत घातलं, माझ्या वेण्यासुद्धा घातल्या, वहिनी यायच्या आधी. त्याची छाती फुटली असणार, हे मला कळत होतं. पण मीही त्याचीच बहीण. आम्ही नोंदणी करून लग्न केलं. मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा तो दारात उभा राहून वहिनीला म्हणाला, "आजपासून या घरात हिचं नाव निघणार नाही. पोरांनाही सांग." माझ्याकडे बघून नाही म्हणाला, वहिनीकडे बघून.

आणि नाव निघालं नाही. दोन गल्ल्या पलीकडे मी राहत होते. भाजीच्या गाडीवर वहिनी दिसायची, आणि मी बघते आहे हे कळलं की भाजी न घेताच वळायची. आम्ही दोघी एका पांघरुणात झोपून गप्पा मारलेल्या, तिच्या बाळंतपणात तिचे पाय मी चेपलेले. दादाचं मी समजू शकते, त्याचा शब्द त्याच्या मानेवर बसला होता. वहिनीचं मला कधीच समजलं नाही आणि आता समजून घ्यायची इच्छाही नाही.

त्या वर्षी नाताळच्या सुमारास मला चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संपतच्या आईनं गावाहून निरोप धाडला होता, की पोरीच्या माहेरचं काय ते विचारून घ्या. त्या म्हातारीचा काही दोष नव्हता, जगाची रीत होती ती. मला रोज सकाळी उलट्या व्हायच्या आणि रोज सकाळी वहिनीच्या हातचं लिंबाचं लोणचं आठवायचं. मग एकदा भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं, की वर्षातून एक वेळ अशी आहे, जेव्हा दादाला कुणालाही दारातून परत पाठवता येत नाही. प्रभूचं ताट आहे. मांडलेलं ताट तो मोडणार नाही, दादाला मी ओळखत होते. आणि एकदा मला समोर बसलेली पाहिली, मी त्याला पोटातलं सांगितलं, की त्याच्या तोंडून 'सुले' निघेलच. मला दुसरं काही नको होतं. एकदा 'सुले' म्हणाला असता की पुढचं सगळं मी ओढून घेतलं असतं, माहेरसुद्धा.

मी आणि संपत निघालो. तो कोपऱ्यावरच्या पीसीओपाशी थांबला, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाला, "आदी तू जा. मला बघून बिथरतील. हाक मारलीस की आलोच." दारात तीच चांदणी होती, कामट्यांची, या वेळी जरा वाकडी चिकटवलेली. आत गीत चाललं होतं. गीत संपून प्रार्थना होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले. मटणाच्या रश्श्याचा वास येत होता आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कशाच्या तरी वासानं मला मळमळलं नाही. 'आमेन' ऐकलं आणि कडी वाजवली.

दार दादानं उघडलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "दादा." त्याच्या मागून रूथ धावत आली, सहा वर्षांची झाली होती, "आत्या! आत्या आली!" म्हणून तिनं माझ्या कमरेला मिठी मारली. दादानं तिला हळूच सोडवलं. मग त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "या. आपण आज आमच्या पाहुण्या आहात. आत या." क्षणभर मला वाटलं, थट्टा करतोय. मासळीवालीची आठवण काढून हसवतोय मला. मी हसलेसुद्धा. मग त्याचे डोळे पाहिले आणि हसू तोंडातच राहिलं.

"रूथ," तो म्हणाला, "पाहुण्यांना पाणी आण." पोर गोंधळली. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. पेला घेऊन आली आणि मला म्हणाली, "घ्या." मी जिला कडेवर घेऊन अख्खा सेक्टर फिरवला होता, ती मला 'घ्या' म्हणाली. रूथच्या पाठचा धाकटा पोरगा, मी घर सोडलं तेव्हा रांगत होता, तो मला ओळखतच नव्हता, तो आपला पाटावर बसून करंजीकडे टक लावून होता. वहिनी वाढायला लागली. भाकरी, रस्सा, भात, कांदा, लोणची-पापड. ताटात काही कमी नव्हतं. मी म्हटलं, "दादा, ऐक ना. मला चौथा महिना लागलाय." वहिनीच्या हातातला डाव थांबला. दादा समोर मांडी घालून बसला होता, ताठ, उपासनेला बसतो तसा. तो म्हणाला, "आम्ही पाहुण्यांना नाव-गाव काही विचारत नाही. त्यांनीही सांगायची गरज नसते. आपण सावकाश जेवा."

माझाच नियम. माझ्याच तोंडून निघालेला, ज्याच्यासाठी त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. नाव घ्यायचं नाही हा त्याचा शब्दही राहिला आणि दारावर आलेल्याला परतवायचं नाही हा प्रभूचा शब्दही राहिला. दोन्हीकडून दादा मोकळा, आणि मध्ये मी, ताटासमोर. असं काही त्यानं आधी ठरवून ठेवलं असेल असं मला वाटत नाही. दारात मला बघितल्यावर त्या एवढ्याशा वेळात त्याला सुचलं असणार, आणि ही पळवाट आहे हे त्याला कळलंसुद्धा नसेल. त्याला वाटलं असेल, देवानंच मार्ग दाखवला. असल्या माणसांचं हेच वाईट असतं.

मी उठून गेले नाही. पुढे पुष्कळदा मनातल्या मनात मी ते ताट उचलून भिंतीवर फेकलं आहे, पण त्या दिवशी मी जेवले. उठले असते तर तो म्हणाला असता, पाहुण्यानं प्रभूचं अन्न नाकारलं. शिवाय भूक लागली होती, खोटं कशाला बोलू. मी भाकरी कुस्करली, रस्सा दोनदा मागून घेतला. वहिनी लोणच्याची बरणी घेऊन आली, लिंबाचं, आणि खाली बघत म्हणाली, "आणखी वाढू का तुम्हाला?" मी म्हटलं, "वाढा." इतकंच आमचं बोलणं. घरातली बाकी माणसं हात बांधून बसली होती, कारण पाहुणा जेवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. माझं शेवटचं बोट चाटून होईपर्यंत मी त्यांना बसवून ठेवलं.

मग प्रार्थना झाली. दादा उभा राहिला, डोळे मिटले, आणि प्रभूकडे त्यानं मागणं केलं, की आज आमच्या दारी आलेल्या या अनोळखी भगिनीला आणि तिच्या उदरातल्या फळाला सुखरूप ठेव. म्हणजे ऐकलं होतं त्यानं. देवाला सांगितलं, मला नाही. मंडळीत सगळ्याच बायांना भगिनी म्हणतात, पण 'अनोळखी भगिनी' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवताना माणसाची जीभ अडखळायला नको का? त्याचा आवाज कापत होता, असं वहिनीनं पुढे कुणाला तरी सांगितलं म्हणे. मी समोरच उभी होते, मला काही कापलेला ऐकू आला नाही. ब्लाउजपीस मिळाला, हिरव्या रंगाचा. सगळे दारापर्यंत सोडायला आले. रूथ मात्र आली नाही. ती आत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

कोपऱ्यावर संपत तसाच उभा, पेढ्यांचा पुडा छातीशी धरून. माझ्या हातातला ब्लाउजपीस बघून त्याचा चेहरा उजळला. "जेवाय वाढलं का?" मी म्हटलं, "वाढलं. पोटभर." "देवाच्या ताटावर?" मी म्हटलं, "हो." तो तिथेच, भर रस्त्यात, डोळे पुसायला लागला. "म्हनलं न्हवतं तुला? रगात हाय ते, असं तुटतंय व्हय? आता मी बी येतो पाया पडाय." मी म्हटलं, "आज नको. पुन्हा कधीतरी." पुढचं काही सांगायला माझी जीभ रेटेना. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाचा एवढा आनंद मी काय म्हणून काढून घ्यायचा? बाळंतपण त्याच्या गावी झालं. बायका विचारायच्या, माहेरचं कुणी नाही का? मी काही बोलायच्या आत सासूच सांगायची, की भाऊ देवमाणूस आहे, पोटुशी बहिणीला देवाच्या पानावर बसवून जेवू घातलं, पण त्यांच्याकडे जागेची अडचण आहे. ही जागेची अडचण संपतनं स्वतःच्या मनानं जोडली होती. माझ्या सासरी माझ्या भावाइतकं चांगलं नाव कुणाचंच नव्हतं.

दादाचं माझं त्यानंतर बोलणं झालं नाही. दोन गल्ल्यांचं अंतर होतं, तेवढंच राहिलं. आमच्या घरी मी नाताळ करते, करंज्या करते, मुलीला गीतं शिकवली, पण जास्तीचं ताट मांडलं नाही. तिनं एकदा विचारलं होतं, आई, चर्चमधले सगळे मांडतात, आपण का नाही? मी म्हटलं, आपल्याकडे ताटं मोजकी आहेत.

दादा गेला तेव्हा कळवलं त्याच्या शेजारच्या सातारकरांनी. कबरस्तानात पाळक बराच वेळ बोलले, आणि बहुतेक ताटाविषयीच बोलले. या बंधूनं किती अनोळखी जिवांना जेवू घातलं, आपल्या पोराबाळांना काय वारसा दिला वगैरे. लोक माना डोलवत होते. माती लोटून झाल्यावर संपत वहिनीपुढे गेला, हात जोडले, आणि रडत रडत म्हणाला, "वैनी, ह्या मानसानं माझ्या बायकूला देवाच्या ताटावर बसवलं. मी मरस्तवर इसरनार न्हाई." वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिला त्याच वेळी कळलं असणार, की मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ती पुढे आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सुलू, घरी चल गं. दोन घास खाऊन जा."

इतक्या वर्षांनी त्या घरातल्या माणसाच्या तोंडून माझं नाव निघालं होतं. मी मनगट सोडवून घेतलं. म्हटलं, "जेवलेय की मी तुमच्याकडे एकदा. अजून भूक नाही लागली." संपतला वाटलं, दुःखानं मी काहीबाही बोलतेय. त्यानं वहिनीची माफी मागितली आणि माझ्या खांद्याला धरून मला रिक्षात बसवलं.